शब्दांचा गुरु : टॉमस विल्सन



आजच्या भाषणाचा आरंभ मी एका प्रेमपत्रापासून करणार आहें. सोळाव्या शतकांतील एका इंग्रजी प्रहसनांत एक बढाईखोर गृहस्थ एका श्रीमंत विधवेला हें पत्र पाठवितो. तें तिला वाचून दाखविणारा मनुष्य विराम भलत्याच जागीं घेतो, आणि एकही शब्द न बदलतां स्तुतीची निंदा होते. बाई संतापते व प्रेक्षक पोट धरून हंसतात. ह्या प्रहसनाचा कर्ता निकोलस यूडॉल हा ईटनच्या शाळेचा मुख्याध्यापक होता. त्याच्या एका शिष्यानें पुढें तर्कशास्त्रावर ग्रंथ लिहिला, तेव्हां द्व्यर्थी वाक्याचें उदाहरण म्हणून गुरूचें हेंच पत्र त्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तींत घातलें. प्रहसनाची जी एकमेव छापील प्रत उरली आहे तिला मुखपृष्ठ नाहीं. कर्त्याचा पत्ता लागला तो शिष्याच्या ह्या ग्रंथावरून. गुरूचें ऋण अशा रीतीनें फेडणारा शिष्य विरळाच!

हा शिष्य म्हणजे टॉमस विल्सन. त्याचा जन्म लिंकनशर परगण्यांत १५२४ च्या सुमारास झाला. ईटननंतर केंब्रिज येथील किंग्ज कॉलेजांत त्याचें शिक्षण झालें. त्या काळीं विद्येची भाषा लॅटिन होती. ज्याला लॅटिन येत नाहीं त्याला तर्कशास्त्राचें दार बंद. विल्सननें १५५१ सालीं ‘रूल ऑफ रीझन’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून तें दार उघडलें. इंग्रजी भाषेंतील तर्कशास्त्राचा हा पहिला ग्रंथ होय. दोन वर्षांनीं, १५५३ सालीं, ‘आर्ट ऑफ रेटरिक’ हा त्याचा वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथ बाहेर पडला.

ह्या दुसऱ्या ग्रंथांत त्यानें लॅटिन शब्दांचा उगाच भरणा करणाऱ्यांची यथेच्छ थट्टा केली आहे. लिंकनशरमधील एक मनुष्य धर्मोपदेशकाची जागा मिळावी म्हणून अर्ज करतो, आणि त्या अर्जांत शब्दांचें असें अवडंबर माजवितो कीं मूळ मागणी शोधून काढावी लागते! लेखनाच्या वह्या तपासण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें आहे त्यांना हा अर्जदार चांगला परिचयाचा वाटेल. परंतु हा ग्रंथ केवळ विनोदाचा नाहीं. सफोकच्या डचेसबाईंच्या दोन मुलांना विल्सननें शिकविलें होतें. १५५१ च्या जुलै महिन्यांत तीं दोन्ही मुलें सांथीच्या रोगानें एकाच दिवशीं गेलीं. शोक करणाऱ्याचें सांत्वन कसें करावें ह्याचा नमुना म्हणून ग्रंथांत जो मजकूर आहे, तो त्या मातेलाच उद्देशून आहे.

ह्याच ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेंत त्यानें पिऱ्हस राजाची कथा सांगितली आहे. राजाच्या पदरीं सिनिअस नांवाचा वक्ता होता. तलवारीनें जिंकलीं नाहींत इतकीं नगरें त्याच्या वाणीनें आपल्याला मिळवून दिलीं, असें तो राजा म्हणे. बळानें जें होत नाहीं तें शब्दानें होतें, ही विल्सनची श्रद्धा होती.

ह्या श्रद्धेची परीक्षा लौकरच झाली. १५५३ सालीं कॅथलिक पंथाची मेरी राणी गादीवर आली. प्रॉटेस्टंट विल्सन इटलींत गेला, पादुआ येथें राहिला व पुढें रोमला पोंचला. तेथें ‘इन्क्विझिशन’ ह्या धर्मन्यायालयानें त्याला पकडलें. आरोप काय? तर हे दोन ग्रंथ लिहिल्याबद्दल तो पाखंडी! इंग्लंडांत मेरी वारली आणि एलिझाबेथ राणी झाली, तरी विल्सन कोठडींतच होता. १८ ऑगस्ट १५५९ रोजीं पोप चौथा पॉल मरण पावला आणि त्याच्या कारभाराला कंटाळलेल्या रोमच्या लोकांनीं दंगा केला. इन्क्विझिशनची इमारत जाळून त्यांनीं तेथील कैदी मोकळे केले. त्या कैद्यांत विल्सनही सुटला. मायदेशीं परतल्यावर, नव्या आवृत्तीसाठीं ग्रंथ सुधारून द्या, असा आग्रह मुद्रकांनीं केला. १५६० च्या प्रस्तावनेंत त्यानें उत्तर दिलें तें अशा अर्थाचें : ज्या लेकरानें बापाला तुरुंगांत घातलें त्याचें तोंड बापानें पुन्हां कां पाहावें?

ह्यापुढें त्याचा उत्कर्षच झाला. १५६७ सालीं तो राणीचा वकील म्हणून पोर्तुगालांत गेला. १५७० सालीं त्यानें डिमॉस्थिनीसच्या सात भाषणांचें भाषांतर प्रसिद्ध केलें. इंग्रजींतील असें हें पहिलेंच. मॅसिडोनच्या फिलिपविरुद्धचीं तीं भाषणें वाचतांना वाचकाला स्पेनचा फिलिप आठवावा, हा त्याचा हेतु होता. १५७१ सालीं पार्लमेंटांत तो सावकारीविरुद्ध बोलला. त्याच वर्षाच्या कायद्यानें मात्र शेंकडा दहापर्यंतच्या व्याजाला व्यवहारांत वाट मिळाली. पुढल्या वर्षीं निघालेल्या त्याच्या सावकारीवरील संवादग्रंथांत व्यापारी, वकील व धर्मोपदेशक वाद घालतात, आणि शेवटीं व्यापाऱ्याचें मन वळतें. तें वळतें तें केवळ युक्तिवादानें.

आतां ह्याच काळांतील दुसरें चित्र पाहा. १५७१ च्या सप्टेंबरांत नॉरफोकच्या ड्यूकवर राजद्रोहाचा संशय आला. त्याच्या दोन नोकरांची चौकशी सर टॉमस स्मिथ व डॉक्टर विल्सन ह्या दोघांवर सोंपविण्यांत आली. राणीचा लेखी हुकूम असा होता कीं, अंग ताणणारें यंत्र त्यांना आधीं दाखवावें, आणि तेवढ्यानें ते बोलले नाहींत तर त्यावर चढवावें. दोघेही अधिकारी मोठे विद्वान. छळ करून कबुली घेणें ही इंग्लंडची रीत नव्हे, असें स्मिथनें स्वतःच्या ग्रंथांत आधींच लिहून ठेविलें होतें. आणि विल्सन? शब्दांपायीं ज्यानें रोमची कोठडी पाहिली, तोच आतां लंडनच्या टॉवरमध्यें दुसऱ्याच्या तोंडून शब्द काढण्यास बसला!

त्याच्या बाजूनें सांगण्यासारखें पुष्कळ आहे. राणीचा जीव धोक्यांत होता. कट खोटा नव्हता. हुकूम लेखी होता. हें सर्व मान्य करूनही मला वाटतें कीं रोममधील त्याच्या न्यायाधीशांनींही आपला धर्म धोक्यांत आहे असेंच प्रामाणिकपणें मानलें असेल. आपल्यावर झालेला जुलूम मनुष्याला लगेच ओळखतां येतो. आपल्या हातून होणारा जुलूम मात्र कर्तव्याच्या वेषांत येतो.

१५७७ सालीं विल्सन राणीचा राज्यसचिव झाला व १५८१ सालीं वारला. त्याचें पद गेलें, हुकूमही दप्तरांत पडले. सिनिअसची कथा सांगणारा ग्रंथ मात्र आजही वाचला जातो. विल्सनला तोलावयाचें झाल्यास दुसरें माप शोधावयास नको. तें त्यानें आपल्या अर्पणपत्रिकेंत स्वतःच लिहून ठेविलें आहे.