रस्त्यावर पट्टा, कुंपणात मोकळीक



तुमच्या घरी कुत्रा आहे?
मग फिरायला निघताना पट्टा घ्याच.

“आमचा मोत्या काही करत नाही हो,” असं आपण म्हणतो.
पण समोरून येणाऱ्या आजींना ते कसं कळावं?

यासाठीच भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे.
आपल्या प्राण्यामुळे कुणाला इजा होऊ नये, ही काळजी मालकानं घ्यायची.
हयगय केली, तर दंड किंवा कैद. कधी दोन्हीही.

आता दुसरी बाजू ऐका.
प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा.
कुत्रा कायम साखळीला बांधून ठेवला,
त्याला व्यायामच दिला नाही,
तर तोही गुन्हा!
हे मात्र कुणी सांगत नाही.

म्हणजे, रस्त्यावर पट्टा हवाच.
आणि धावायला मोकळी जागाही हवीच.

पट्ट्यातला कुत्रा मालकाच्या चालीनं चालतो.
पण त्याला हवं असतं सुसाट पळणं, थांबून हुंगणं, मातीत लोळणं.

अशा मोकळ्या जागेला फार काही लागत नाही.
उंच कुंपण, पाणी, थोडी सावली.
आणि एकापाठोपाठ दोन फाटकं.
आत शिरायचं. पहिलं फाटक लावायचं.
पट्टा सोडायचा.
मगच दुसरं उघडायचं.