नोंद दवाखान्यात, संमती घरात



साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांतल्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल हा शब्द आता नवा राहिलेला नाही. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि अंग असह्य दुखू लागते. आजार आनुवंशिक आहे. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला बाळ रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. म्हणजे तेवढ्याच नोंदीही होणार. संशोधकांना या नोंदी हव्याच असतात. एकाला आजार सौम्य आणि दुसऱ्याला तीव्र का, हे शोधायला रुग्ण लागतात. दारोदार फिरण्यापेक्षा दवाखान्याच्या वहीतून ते लवकर सापडतात. शिवाय आफ्रिकेतल्या रुग्णांवरचे निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. म्हणून आपली माणसे अभ्यासात असायला हवीत, असे मला मनापासून वाटते.

पण मी प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे काम केले आहे. मुलगी वाहक निघाली, की आईबाप आधी औषधाचे विचारत नसत. ‘हे गावात कळेल का? तिच्या लग्नाचे काय?’ असे विचारत. वहीतले नाव परक्याच्या हाती जाणे ही त्यांच्यासाठी साधी गोष्ट नाही.

अमेरिकेत हावासुपाई आदिवासींनी १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले. तेच नमुने त्यांना न विचारता इतर संशोधनाला वापरले गेले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये अॅरिझोना राज्य विद्यापीठाने भरपाई देऊन तडजोड केली, उरलेले नमुनेही परत केले.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. संशोधनाला नैतिकता समितीची मान्यता हवी, माणसाला समजेल अशा भाषेत माहिती हवी, आणि नकार दिला म्हणून उपचार थांबता कामा नयेत. माझे एवढेच म्हणणे, की पहिला निरोप ओळखीच्या डॉक्टरांनी किंवा आशाताईंनी द्यावा, तोही अहिराणीत, पावरीत. घरच्यांनी होकार दिला, तरच संशोधकाला नाव कळावे.

आणि तुम्हीही अंगठा उठवण्याआधी तीन गोष्टी विचारा : रक्त कशासाठी, नाव कोणाला दिसणार, मध्येच नको म्हटले तर चालेल ना? नीट उत्तर मिळाले, तर जरूर सहभागी व्हा.