कळफलक ओळखू या, मराठी लिहू या

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या गजाननासमोर आपण आज जमलो आहोत, त्याला आपण लेखनाचीही देवता मानतो. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने महाभारत लिहून काढले, ही कथा आपल्या घरोघरी ठाऊक आहे. अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही, अशी व्यासांची त्यात अट होती. आजचा आमचा विषय अगदी साधा आहे, पण त्यालाही ही अट लागू पडते. कॉम्प्युटरच्या कळफलकावरची कळ काय काम करते ते समजून घ्यावे आणि मग ती दाबावी.

आम्ही सरकारी नोकर. दिवसाचे कितीतरी तास आमची बोटे कळफलकावर असतात. पेडणे-डिचोलीकडची वडीलधारी माणसे कामाला येतात तेव्हा हमखास म्हणतात, "हे यंत्र आम्हाला जमायचे नाही, नातू आला की त्याच्याकडून करून घेतो." नातवाने मदत करावी हे चांगलेच. पण नातू जे लिहून देतो ते तपासता येण्याइतकी ओळख आपल्यालाही हवी.

मोठ्या कळफलकावर साधारण १०४ कळा असतात. आकडा ऐकून घाबरू नका. कामाप्रमाणे त्यांचे गट पाडले की त्या लक्षात राहतात.

पहिला गट अक्षरांचा. ही अक्षरे ए, बी, सी अशा क्रमाने का नाहीत, असे पुष्कळजण विचारतात. हा क्रम अमेरिकेतील क्रिस्टोफर शोल्स यांच्या टंकलेखन यंत्रावरून आला. रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र १८७४ साली बाजारात आणले आणि तोच क्रम आजपर्यंत टिकला. एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटे असतात, ते चाचपून पाहा. दोन्ही हातांच्या तर्जनी तिथे ठेवल्या की न बघता बाकीच्या कळा सापडतात.

दुसरा गट मदतनिसांचा. शिफ्ट म्हणजे सरकवणे. १८७८ सालच्या रेमिंग्टन यंत्रात ही कळ दाबल्यावर यंत्राचा भाग खरोखरच सरकत असे आणि लहानऐवजी मोठे अक्षर उमटत असे. आज काही सरकत नाही, नाव मात्र राहिले. कॅप्स लॉक एकदा दाबले की पुन्हा दाबेपर्यंत सगळी अक्षरे मोठीच येतात. पासवर्ड बरोबर असूनही यंत्र तो नाकारत असेल तर आधी कॅप्स लॉकचा दिवा पाहा. कंट्रोल आणि ऑल्ट या कळा दुसऱ्या कळेच्या जोडीने काम करतात. कंट्रोल आणि सी म्हणजे नक्कल घेणे, कंट्रोल आणि व्ही म्हणजे ती चिकटवणे, कंट्रोल आणि एस म्हणजे जतन करणे, कंट्रोल आणि एफ म्हणजे शोधणे. कंट्रोल आणि झेड ही जोडी तर ज्येष्ठांनी पाठच करावी, कारण नुकतेच केलेले लिखाण किंवा पुसापुशी ती मागे फिरवते.

तिसरा गट लिहिण्या-पुसण्याचा. स्पेस म्हणजे मोकळी जागा. एंटर म्हणजे नवी ओळ. पण ऑनलाइन अर्ज भरताना एंटर जपून दाबावे, अर्धवट अर्ज पुढे जाण्याचा संभव असतो. एका चौकटीतून पुढच्या चौकटीत जायला टॅब आहे, आणि मागे यायला शिफ्ट धरून टॅब. बॅकस्पेस डावीकडचे पुसते, डिलीट उजवीकडचे पुसते. मराठीत आणखी एक गंमत आहे. 'डिचोली' लिहून बॅकस्पेस एकदाच दाबले तर फक्त शेवटची वेलांटी जाते आणि 'डिचोल' उरते. डिलीट मात्र बहुतेक ठिकाणी पुढचे अक्षर काना-मात्रेसकट उचलते. म्हणून मात्रा सुधारायची असेल तर बॅकस्पेसच बरे.

चौथा गट फिरण्याचा. चार बाण, ओळीच्या आरंभाला नेणारे होम, शेवटाला नेणारे एंड, आणि पडदाभर मजकूर वर-खाली करणारी पेज अप आणि पेज डाउन. उजवीकडच्या आकड्यांतून आकडेच उमटत नसतील, तर नम लॉक बंद आहे असे समजावे. सर्वांत वरच्या रांगेत एफ १ ते एफ १२. त्यांचे काम त्या त्या प्रोग्रामवर ठरते, पण एफ १ ने बहुधा मदत उघडते आणि एफ ५ ने इंटरनेटवरचे पान नव्याने येते. डाव्या कोपऱ्यातले एस्केप म्हणजे चालू गोष्टीतून बाहेर पडण्याची वाट.

इथपर्यंतची माहिती कुठल्याही शिकवणीत मिळेल. आम्हाला खरे सांगायचे आहे ते यापुढे. याच कळांवर आपली मराठी आहे, आणि ती वापरायचे आपण टाळतो.

आपल्या गावांची नावेच घ्या. आपण म्हणतो पेडणे, डिचोली, साखळी. पोर्तुगीज अमलात ही नावे रोमन लिपीत गेली आणि 'पेर्नेम', 'बिचोलिम', 'सांकेलिम' झाली. पाट्यांवर आणि इंग्रजी कागदपत्रांवर अजून तीच आहेत. डिचोलीतला ड गेला आणि ब आला, पेडण्यातला ड आणि ण दोन्ही गेले. बाहेरगावचा माणूस पाटी वाचून तसेच म्हणतो, त्याचा काय दोष? आज आपली मुले मोबाईलवर रोमन अक्षरांत मराठी लिहितात, तेव्हा घराघरांत तेच घडते. काल, काळ, कळ आणि कल हे चारही शब्द तिथे एकसारखे दिसू लागतात. ळ आणि ण रोमन कळांत नाहीतच. जे अक्षर हाताने लिहिले जात नाही, ते हळूहळू जिभेवरूनही उतरते.

यावरचा उपाय जुना आणि फुकट आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी 'इनस्क्रिप्ट' नावाची कळरचना ठरवली. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात तिला स्थान मिळाले. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडली की ती रचना मिळते. मग विंडोजची कळ धरून स्पेस दाबावे, इंग्रजीची मराठी होते. पुन्हा तसेच केले की इंग्रजी परत येते.

ही रचना आपल्या बाराखडीसारखीच शहाणी आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. के दाबले की क, शिफ्ट धरून के दाबले की ख. तसेच गचा घ, तचा थ, दचा ध, पचा फ. लच्या कळेवर शिफ्ट धरले की ळ, मच्या कळेवर धरले की ण. डीवर पाय मोडण्याची खूण आहे, तिने जोडाक्षरे होतात. लिहायचे बोलण्याच्या क्रमाने: आधी व्यंजन, मग त्याची मात्रा. जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर पहिली वेलांटी आधी मारावी लागे, इथे तसे नाही. 'पेडणे' पाच दाबांत होते: एच, एस, पीशेजारची चौकोनी कंसाची कळ, शिफ्ट आणि सी, पुन्हा एस. करून पाहा.

शुद्धलेखनाची काळजी असणाऱ्यांसाठी आणखी एक कळ सांगतो. मांद्रे-हरमलला दिसतो तो दर्या, आणि डोंगरांत असतात त्या दऱ्या. पहिल्या शब्दातला र साध्या जे कळेवर आहे, दुसऱ्यातला ऱ शिफ्ट धरून जे दाबल्यावर येतो. इतका बारीक फरक यंत्राला कळतो, कारण युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिलेला आहे. त्यामुळे पेडण्यात टाइप केलेला मजकूर पुण्यात किंवा परदेशात तसाच दिसतो आणि शोधला तर सापडतो. जुन्या फाँटमधल्या मजकुराचे तसे नव्हते. तो फाँट दुसऱ्या यंत्रावर नसला की सगळी अक्षरे चिन्हांचा कचरा होऊन बसत.

१९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी ही राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापरालाही जागा मिळाली. दोन्ही भाषांची लिपी एक, म्हणून एकदा बसलेली बोटे दोन्हीकडे उपयोगी पडतात. कोंकणीत बोलणाऱ्या आणि मराठीत आरत्या म्हणणाऱ्या आपल्या घरांना याहून सोयीचे काय असणार?

शेवटी एक विनंती. आपल्या घरांत आरत्यांच्या, भजनांच्या, फुगडीच्या गाण्यांच्या, नाटकांच्या हस्तलिखित वह्या आहेत. आपल्याकडची दमट हवा आणि वाळवी त्यांची वाट पाहत नाही. पुढच्या चवथीपर्यंत प्रत्येक घराने एक तरी वही टाइप करावी. रोज अर्धे पान झाले तरी वर्षात वही संपते. आजीने वाचून सांगावे, नातवाने कळा दाबाव्यात. शब्द अडला तर तो आजीला विचारील, कळ अडली तर आजी त्याला विचारील. नातवाला ळ आणि ण येतील, आजीला कॉम्प्युटर येईल, आणि वही वाचेल. ज्यांना कळफलक मराठीत करून हवा असेल, त्यांनी कार्यक्रमानंतर आम्हाला जरूर भेटावे. पाच मिनिटांचे काम आहे.

गणपती बाप्पा मोरया!