कान्ह्याचे मिटलेले दार

मध्य प्रदेशातील कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे दार जुलैपासून सप्टेंबरअखेर मिटलेले असते. प्रवाशाच्या दृष्टीने हे महिने वाया गेलेले नव्हेत. उपग्रहाने टिपलेली छायाचित्रे घरबसल्या पडद्यावर उघडली, म्हणजे सालवनाच्या गर्द पटावर फिकट कुरणे उमटलेली दिसतात. त्यांतील सोंफच्या मैदानावर पूर्वी गाव होते. ते हलविल्यावर शेतांच्या जागी उंच गवत वाढले. १९७० च्या सुमारास या रानात बारशिंगे अवघे ६६ उरले होते. गवत हेच त्यांचे अन्न आणि पाडसांचा आडोसाही तोच. तो मिळाला, तेव्हा वंश सावरला.

हिवाळ्यात माजावर आलेल्या नरांची हाक मात्र पडद्यावर ऐकू येत नाही. तिच्यासाठी जावेच लागते. पण चित्र वाचून निघालेला प्रवासी निराळा असतो. वाहने मर्यादित सोडतात, म्हणून तो आधीच जागा राखून ठेवतो. वाघासाठी वाटाड्याच्या मागे घाई लावीत नाही, की रस्ता सोडून गाडी गवतात घालावयास सांगत नाही. त्या गवतासाठी कुणाचे तरी गाव उठले आहे, याचे भान त्याला घरूनच आलेले असते.