आपला वर्धा मतदारसंघ आणि आपले मत
(विहाराच्या वर्धापनदिनी बोरगाव मेघे येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनी निवडणुकीचे काय बोलायचे, असे कोणाला वाटेल. घाबरू नका, मी कोण्या पक्षाचा प्रचार करायला उभा नाही. मला आपल्या मतदारसंघाचा इतिहास सांगायचा आहे, कारण तो आपल्या पोरांना कोणी सांगत नाही.

१९५२ साली प्रौढ मतदानाची पहिली निवडणूक झाली, तेव्हा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. १९५७ ला आपण द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेसाठी मत दिले आणि १९६२ ला महाराष्ट्राच्या. म्हणजे आपल्या आजोबांनी याच मातीत राहून, दहा वर्षांत तीन राज्यांच्या विधानसभेसाठी मत टाकले! राज्य बदलले, पण मताचा अधिकार कायम राहिला. १९५२ च्या आधी हा अधिकारही सर्वांना नव्हता. जमीन, कर, शिक्षण पाहून मत मिळायचे. शेतमजुराला आणि त्याच्या बायकोला कोण विचारणार? बाबासाहेबांनी घटनेत एक माणूस, एक मत हे तत्त्व पक्के केले, तेव्हा मालकाचे आणि मजुराचे मत सारखे झाले.

आता एक गोष्ट नीट ऐका. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातल्या एका राखीव जागेवरून १९६२ साली डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. त्यांच्याविरुद्ध अर्ज झाला की हे तर बौद्ध झाले, मग अनुसूचित जातीचे कसे? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६४ साली निकाल लागला की, बौद्ध धम्म स्वीकारलेला माणूस त्या राखीव जागेवर उभा राहू शकत नाही. लोकांनी दिलेली निवड रद्द झाली. विचार करा, धम्म घेतला म्हणून गरिबी गेली होती का? वस्ती बदलली होती का? पण कायद्याच्या कागदावर आपण बाहेर गेलो. ही अट १९९० साली संसदेने कायदा बदलला तेव्हा निघाली. धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षांनी!

आपल्या वर्ध्याची गोष्ट वेगळी आहे. जिल्ह्यात विधानसभेच्या चार जागा: आर्वी, देवळी, हिंगणघाट आणि वर्धा. चारही सर्वसाधारण. २००८ च्या फेररचनेत पुलगाव हे नाव जाऊन देवळी आले. आपल्या मतदारसंघात वर्धा शहर, त्याला लागून असलेली आपल्यासारखी गावे आणि सेलू तालुक्याचा मोठा भाग येतो. शहरातला नोकरदार आणि सेलूकडचा कास्तकार एकाच आमदाराला निवडतात.

काँग्रेसचे प्रमोद शेंडे येथून अनेकदा निवडून आले, विधानसभेचे उपाध्यक्षही झाले. २००९ ला अपक्ष सुरेश देशमुख जिंकले. २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तिन्ही वेळी भाजपचे डॉ. पंकज भोयर जिंकले आणि तिन्ही वेळी काँग्रेसचे शेखर शेंडे हरले. पण फरक पहा: तिन्ही वेळी दहा हजारांच्या आत! दोन लाखांवर मतदार असलेल्या मतदारसंघात एवढाच फरक. म्हणून "आपल्या मताने काय होते?" हे वाक्य वर्ध्यात तरी कोणी बोलू नये. जागा राखीव नाही म्हणजे आपला आवाज नाही, असे समजू नका. येथे कोणालाही आपल्या दारात यावेच लागते.

दारात आल्यावर काय विचारायचे? नुसता हार घालून मोकळे होऊ नका. २०११ च्या जनगणनेत बोरगाव मेघे हे नगर म्हणून मोजले गेले. पाच हजारांवर लोकसंख्या, दाट वस्ती आणि चारपैकी तीन कामकरी पुरुष शेतीबाहेरच्या कामात, अशी त्याची कसोटी असते. पण कारभार ग्रामपंचायतीचाच राहिला. वस्ती शहराची आणि निधी गावाचा, मग नाली, पाणी, कचरा यांचे कसे होणार? ग्रामपंचायतीचे नगरपंचायतीत रूपांतर करायचे की शहराच्या नगरपरिषदेला जोडायचे, हे सरपंच ठरवू शकत नाही. ते राज्य शासन अधिसूचना काढून ठरवते. म्हणजे हा आमदाराला विचारायचा प्रश्न आहे. सोय वाढली तर करही वाढेल, हेही लक्षात ठेवा. त्यावर आपली दोन मते असतील, असू द्या. पण मुंबईत निर्णय होण्याआधी येथे बसून चर्चा झाली पाहिजे.

शेवटी तीन कामे सांगतो. एक, घरातल्या प्रत्येकाचे नाव मतदार यादीत पाहा. सुना नवीन आल्या, भाडेकरूंनी घर बदलले, तिथेच नावे सुटतात. नवीन नावासाठी नमुना ६ आणि पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा. अठरा वर्षे पूर्ण झाली की आता वर्षातून चार तारखांना नाव घालता येते: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. दोन, माय-बहिणींनो, तुमचे मत तुमचेच आहे, नवरा सांगेल तेच बटन दाबले पाहिजे असे नाही. तीन, आदल्या रात्री येणारे पाकीट परत करा. ते घेतले की पाच वर्षे नालीबद्दल विचारायला तोंड राहत नाही.

राजकारणात सर्वांचे मत सारखे आणि समाजात मात्र माणसांची किंमत वेगळी, ही विसंगती फार दिवस चालली तर लोकशाही धोक्यात येईल, असा इशारा बाबासाहेबांनी १९४९ साली संविधान सभेत दिला होता. मत सारखे झाले, आता किंमत सारखी करायची आहे. ते काम मतदानाच्या दिवसापासून सुरू होते, त्या दिवशी संपत नाही.