बारापैकी बारा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



परदेशातून आलेली नर्स म्हणून आज मला इथे बोलायला उभे केले आहे. पण ज्या सतरंजीवर आपण बसला आहात, तिच्या घड्या मी परकरात असताना घातल्या आहेत. तेव्हा पाहुणी म्हणून माझे कौतुक करू नका. चिटणीसबाईंनी 'अमेरिकेतील परिचारिकेचे जीवन' असा विषय दिला होता. तो मी थोडा बदलून घेतला आहे. मी परिचारिका झाले हे सर्वांना ठाऊक आहे. होता होता राहिले होते, हे फारसे कुणाला ठाऊक नाही. ते सांगते, कारण त्यात या मंडळाचाही वाटा आहे.

नणंदेने बारा वर्षांपूर्वी केलेल्या अर्जाला २०१४ साली फळ आले आणि आम्ही ग्रीन कार्डावर न्यू जर्सीला गेलो. अमेरिका म्हटली की डॉलरचा पाऊस, असे आपल्याकडे वाटते. आमच्या ह्यांना वाण्याच्या दुकानात गल्ल्यावर काम मिळाले. दोन मुले, भाड्याचे घर. मिळकतीची आणि खर्चाची तोंडे कधी मिळाली नाहीत. नर्सिंग शिकावे असे मनात आले, पण फीचे काय?

तिथे गरजू विद्यार्थ्यांना सरकारची मदत मिळते. तिला पेल ग्रँट म्हणतात. १९७२ च्या कायद्याने ती सुरू झाली आणि पुढे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांचे नाव तिला मिळाले. हे कर्ज नव्हे. फेडावे लागत नाही. २०१७-१८ साली ती जास्तीत जास्त ५,९२० डॉलर होती. २०२५-२६ साठी ७,३९५. नागरिकांप्रमाणे ग्रीन कार्डवाल्यांनाही ती मिळते. मी अर्ज केला, मदत मंजूर झाली, आणि २०१७ च्या शरदात मी पस्तिशीची बाई पोरांच्या बाकावर जाऊन बसले. पहिल्या सत्रात ९ श्रेयांक घेतले. नऊच्या नऊ पदरात पडले.

दुसऱ्या सत्रात १२ घेतले. मार्च २०१८ मध्ये, सत्राच्या सहाव्या आठवड्यात, सांगलीहून फोन आला. आईला अर्धांगाचा झटका आला होता, मिरजेला नेले होते. मी रात्रीच संगणकावर बटण दाबून सगळे विषय सोडले आणि विमान धरले. विषय सोडला की गुणपत्रिकेत नुसते एक अक्षर येते, नापासाचा शिक्का बसत नाही. मला वाटले, पाटी कोरी झाली. कुणाला विचारले नाही. विचारायला उसंतही नव्हती.

आई एकोणीस दिवसांनी गेली. तेरावा करून मी परतले.

परतल्यावर दोन कागद वाट पाहत होते. पहिला बिलाचा. सत्राचा ६० टक्के काळ पुरा होण्याआधी जो सगळे विषय सोडतो, त्याने मदतीचा तेवढाच भाग कमावला असे धरतात. उरलेली परत जाते आणि कॉलेज ती विद्यार्थ्याकडून मागते. माझ्या नावावर ८६० डॉलर निघाले. दुसरा कागद इशाऱ्याचा होता: एक सत्र मदत चालू राहील, पण प्रगती समाधानकारक हवी.

बिल हप्त्याहप्त्याने फेडायचे ठरले आणि मी कंबर कसली. सोडलेलेच विषय पुन्हा घेतले. पहाटे चारला उठून हाडांची आणि नसांची नावे पाठ करीत होते, कणीक मळताना सूक्ष्मजीवांची. सत्र संपले. बारापैकी बारा श्रेयांक मिळाले, तेही चांगल्या गुणांनी. त्या आनंदात मी घरी शिरा केला. चारच दिवसांनी पत्र आले: आपली मदत बंद करण्यात आली आहे.

भगिनींनो, हा हिशेब नीट ऐका, कारण मी तो वेळेवर मांडला नाही. तिथला नियम असा आहे की ठरलेल्या अभ्यासक्रमाच्या दीडपटीच्या आत शिक्षण पुरे झाले पाहिजे. माझा अभ्यासक्रम ७० श्रेयांकांचा, तर १०५ घेऊन होण्याच्या आत. म्हणजे जेवढे घेतले, त्यातले दर तीनास दोन, शेकडा ६७, मिळालेच पाहिजेत. गुणांची अट वेगळी, ही वेगळी. आणि सोडलेले श्रेयांक घेतलेल्यात धरतात, मिळालेल्यात नाही. माझे घेतलेले ९, १२ आणि १२ मिळून ३३. मिळालेले २१. शेकडा ६३. इशारा मिळाला त्याच दिवशी कागद-पेन्सिल घेतली असती तर दिसले असते की सगळे विषय पास झाले तरी मी कमीच पडणार होते. बारापैकी बारा मिळवून मी नापास ठरले.

ते पत्र मी तांदळाच्या डब्यामागे ठेवले. ह्यांना सांगितले नाही. शेजारणींना तर नाहीच. 'वय झाल्यावर कसले शिक्षण' म्हणणाऱ्या दोघी-तिघी होत्याच. दाद मागण्याची सोय पत्रातच लिहिलेली होती. मी तीन ओळी लिहून दिल्या: 'घरगुती अडचणीमुळे विषय सोडावे लागले, क्षमा असावी.' अर्ज नामंजूर झाला. पुढचे सत्र मी घरी बसले आणि एका वृद्धनिवासाच्या स्वयंपाकघरात काम धरले. माझ्या बाकावरच्या एका मुलीलाही तसेच पत्र आले होते. तिने दादच मागितली नाही. ती पुन्हा वर्गात दिसली नाही. माझ्यापेक्षा हुशार होती.

तिसऱ्या महिन्यात तांदूळ काढताना ह्यांनाच ते पत्र सापडले. मी बोलणी खायला तयार होते. हे एवढेच म्हणाले, "एवढे दिवस एकटीने कशाला वाहिलेस?" दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून ते माझ्याबरोबर कॉलेजात आले. खिडकीवरच्या बाईंनी माझा जुना अर्ज काढला, वाचला आणि विचारले, "यात काय घडले ते कुठे आहे?" मग त्यांनी समजावून सांगितले. समितीला तीन गोष्टी हव्या असतात: काय घडले, त्याचा पुरावा, आणि आता काय बदलले, म्हणजे तसे पुन्हा होणार नाही. जवळच्या माणसाचा मृत्यू हे कारण नियमातच आहे. मी ते लिहिलेच नव्हते. आईच्या मरणाचे भांडवल करून पैसे मागायचे, हे मनाला पटत नव्हते.

पुराव्यासाठी मी इथे फोन केला. इथे बसलेल्या एका काकूंनी दाखल्यासाठी महापालिकेत तीन खेपा घातल्या. दुसऱ्या मावशी मिरजेला जाऊन दवाखान्याचे कागद घेऊन आल्या, आणि त्यांच्या नातवाने ते फोनवरून धाडले. त्या दोघींना वाटले असेल की कसल्या तरी सरकारी कामासाठी हवे असतील. आज सांगते, त्या कागदांवर माझे शिक्षण अडले होते.

दोन गोष्टी लिहून झाल्या. तिसरीपाशी हात थांबला. आता काय बदलले? खरे उत्तर एकच होते. ज्या कारणाने मी गेले, ते पुन्हा घडणार नाही, कारण आता मला आई नाही. ते वाक्य लिहायला मला एक अख्खी रात्र लागली.

अर्ज मंजूर झाला. २०१९ च्या शरदापासून मदत पुन्हा सुरू झाली, प्रत्येक सत्राला प्रगती तपासण्याच्या अटीवर. मागाहून आणखी एक कळले. घरी बसले त्या सत्रात पदरचे पैसे घालून चार श्रेयांकांचा एकच विषय पास केला असता, तर ३७ पैकी २५ होऊन मी ६७ च्या वर गेले असते आणि अर्जाची गरजच पडली नसती. पण वरातीमागून घोडे! जानेवारी २०२० मध्ये प्रत्यक्ष नर्सिंगचे वर्ग सुरू झाले, मार्चमध्ये करोना आला. त्यातूनही रेटून २०२१ च्या अखेरीस अभ्यासक्रम पुरा केला आणि २०२२ साली परवान्याची परीक्षा दिली. आता मी अर्धांगाच्या रुग्णांच्या विभागात काम करते.

ज्यांच्या लेकी-सुना शिकत आहेत, इथे किंवा परदेशात, त्यांना दोन शब्द सांगते. मदत मिळाल्याचे पत्र आपण देवापुढे ठेवतो. त्याच्या मागच्या बाजूच्या अटीही वाचाव्यात. संकटात विषय सोडण्याआधी कचेरीत एकदा विचारावे. रजेची किंवा परीक्षा पुढे देण्याची सोय असेल तर मिळते. आणि मुलगी अडखळली तर तिला घरात सांगता येईल असे घर ठेवावे. माझे तीन महिने नियमाने नाही गेले, लाजेने गेले.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपण दरवर्षी दोन मुलींची फी भरतो. काल मी नियमांची जुनी वही चाळली. 'विद्यार्थिनी नापास झाल्यास मदत बंद करण्यात येईल.' अक्षर माझ्या आईचे आहे. तेव्हा ती चिटणीस होती. नियम चुकीचा नाही. पैसा सगळ्यांच्या वर्गणीचा आहे. पण त्याखाली आणखी एक ओळ घालावी, असे मला वाटते: 'बंद करण्यापूर्वी मुलीला बोलावून, काय घडले ते विचारावे.'

आई असती तर तिनेच ती लिहिली असती. आपण परवानगी दिलीत तर मी लिहिते.