हेल्मेट दिले, प्रशिक्षणाचे काय?



९ मार्च २०२५ रोजी मुंबईत नागपाडा येथे, बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीच्या पाण्याच्या टाकीत सफाईसाठी उतरलेले चार मजूर गुदमरून मृत्युमुखी पडले. वृत्तपत्रांत बातमी आली, हळहळ व्यक्त झाली आणि विषय मागे पडला. परंतु अशी दुर्घटना घडते कशी, हे समजून घेतल्याखेरीज ती टाळण्याचा मार्गही सापडत नाही.

नवी टाकी झाकण लावून बंद राहिली, की आत उरलेल्या सेंट्रिंगच्या फळ्या ओलाव्याने कुजू लागतात आणि कुजताना हवेतील प्राणवायू शोषून घेतात. मोकळ्या हवेत प्राणवायू सुमारे २०.९ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला, की ती जागा धोक्याची मानली जाते. आणि फारच खाली गेला, तर माणसाची शुद्ध काही क्षणांतच हरपते. प्राणवायूच्या अभावाला वास नसतो, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. पहिला कोसळतो तेव्हा त्याचा पाय घसरला असावा असे वाटून दुसरा उतरतो आणि दुसऱ्यापाठोपाठ तिसरा. बंदिस्त जागेतील अशा दुर्घटनांत वाचवायला धावलेलेच पुष्कळदा बळी जातात. सोबत्यासाठी जिवावर उदार होणाऱ्या या माणसांना धैर्य शिकवण्याची आवश्यकता नसते. आधी झाकणे उघडून पंख्याने आत हवा खेळवावी, मापकाने ती तपासावी, उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधून वर माणूस उभा ठेवावा, आणि कोणी कोसळलाच तर आत उडी न घेता दोरानेच त्याला वर ओढावे, एवढी गोष्ट त्यांना कोणीतरी वेळीच सांगायला हवी होती. ती सांगायला अर्धा तासही पुरे.

बांधकाम मजुरांसाठी काहीच झाले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९९६ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर आला, २०११ मध्ये महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. नोंदीत मजुरांना या मंडळामार्फत सुरक्षा संचही देण्यात आले. त्यात हेल्मेट असते, बूट असतात, उंचीवर बांधायचा पट्टा असतो. प्रश्न पुढचा आहे. त्या पट्ट्याचा दोर अडकवायचा कुठे? परांचीच्या बांबूला पायाशी अडकवला, तर माणूस आधी दोराच्या लांबीइतका खाली येणार, मग आणखी तितकाच, आणि तो झटका बांबू सोसेल याचा भरवसा नाही. दोर डोक्याच्या वर, स्लॅबच्या वा तुळईच्या पक्क्या आधाराला हवा. पडलेला माणूस पट्ट्यात लोंबकळत राहिला, तर पायांत रक्त साचून तोही दगावू शकतो; त्याला काही मिनिटांत खाली घ्यावे लागते. कोण घेणार, कशाने घेणार, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. संच वाटणे सोपे. त्याचे छायाचित्र काढता येते, आकडा अहवालात घालता येतो. शिकवण्याचे तसे नाही.

शिकवायचे कोणाला, हेही पाहावे लागते. आपल्या शहरांतील बांधकामांवर बिहार, झारखंड, ओडिशा, बंगालपासून मराठवाडा-विदर्भापर्यंतचे बांधव असतात. मराठी वा इंग्रजी फलक त्यांच्यातील कित्येकांना वाचता येत नाही. नाक्यावरून आणलेला मजूर आज एका साइटवर, तर परवा दुसरीकडे. बिगारी म्हणून घमेली वाहणाऱ्या भगिनींना तर शिकवण्यासारखे काही आहे, असे मुकादमाच्या मनातही येत नाही. वस्तुतः ओले सिमेंट अंगावर राहिले तर कातडी जळते आणि ते तत्काळ भरपूर पाण्याने धुवायचे असते, हे तिला ठाऊक असायलाच हवे. लादी वा दगड कापताना उडणारी सिलिकाची धूळ नाकाला रुमाल बांधून अडत नाही. पात्यावर पाण्याची धार सोडली तर ती बरीच बसते. त्या धुळीने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. अशा गोष्टी सभागृहातील व्याख्यानाने अंगवळणी पडत नाहीत. रोज सकाळी कामाच्या जागीच, मजुराच्या बोलीत, पट्टा त्याच्याच हातात देऊन दहा मिनिटे घालवावी लागतात. आणि त्या दहा मिनिटांचीही मजुरी द्यावी लागते. मजुरी कापली, तर दुसऱ्या दिवशी कोणी थांबणार नाही, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा?

२९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्याला पावसात कुंपणाची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि बालकांसह १५ जण दगावले. तेथे तर कोणी परांचीवर चढलेले नव्हते. माणसे रात्री झोपली होती. झोपडी कुठे उभारायची, शेजारी खोल खणलेले असताना भिंतीचा भरवसा किती धरायचा, हाही सुरक्षेच्या शिक्षणाचाच भाग आहे, आणि तो मजुराआधी अभियंत्याने शिकायचा आहे.

नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याची नवी संहिता लागू झाली आहे. जिवाला धोका दिसल्यास मालकाला कळवण्याचा अधिकार तिने कामगाराला दिला. बांधकामावर २५० वा अधिक कामगार असतील, तर सुरक्षा अधिकारी नेमणे तिने बंधनकारक केले आहे. पण दहापेक्षा कमी मजूर असलेली कामे जुन्या कायद्याप्रमाणेच याही संहितेच्या बांधकामविषयक तरतुदींबाहेर राहतात. म्हणजे सोसायटीच्या भिंतीला रंग लावणारे सहा जण आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग करणारे चौघे. येथे मालक कोणी मोठा बिल्डर नसतो. सोसायटीची कार्यकारिणी, म्हणजे आपल्यासारखीच सुशिक्षित कुटुंबे असतात. तीन कोटेशने येतात आणि सर्वांत कमी रकमेचे मंजूर होते. ती रक्कम कमी कशी झाली, हे सभेत सहसा कोणी विचारत नाही. पट्टे, जाळी, दोर बांधायचा आधार आणि माणसांना शिकवण्याचा वेळ त्या कागदावर धरलेला आहे का, पाऊस आल्यावर परांचीवरून उतरलेल्या रंगाऱ्याचा रोज चालू राहणार आहे का, हे पुढच्या सभेत ठेकेदाराला समोर बसवून विचारावे, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.